आगमनकाळ १ डिसेंबरलाच सुरू होत नाही

महोदय,

आगमनकाळ म्हणजे नाताळपूर्वीचा तयारीचा काळ. नाताळ जवळ आला की वृत्तपत्रांतल्या माहितीच्या चौकटींत ‘ख्रिस्ती बांधवांचा आगमनकाळ १ डिसेंबरपासून’ असे छापून येते. १ डिसेंबरपासून रोज एक उघडायच्या चोवीस खिडक्यांच्या चॉकलेटवाल्या कॅलेंडरांनी हा समज रुजवला असावा. चर्चच्या दिनदर्शिकेत मात्र तारीख नाही, वार ठरलेला आहे. २५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार उलटे मोजायचे. चौथा येतो तो आरंभ. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्येच पडतो. २०२२ मध्ये नाताळच रविवारी होता, त्यामुळे पूर्ण २८ दिवस मिळाले. २०२३ मध्ये तो सोमवारी आला आणि हाती उरले जेमतेम २२. अशा वर्षी २४ तारखेला सकाळी चौथ्या रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि रात्री ख्रिस्तजन्माची. वेदी सजवणाऱ्यांची धांदल विचारू नये. १ डिसेंबर ही तारीख खरी लागू पडते ती केरळच्या सिरो-मलबार या पूर्वेकडील कॅथलिक परंपरेतल्या पंचवीस दिवसांच्या उपवासाला.

दुसरी गफलत म्हणजे हा काळ नाताळच्या जल्लोषाचाच पहिला भाग मानणे. कॅथलिक उपासनेत धर्मगुरूंचा झगा जांभळा असतो, रविवारच्या मिस्सेत ग्लोरिया हे देवाच्या गौरवाचे स्तोत्र गात नाहीत, फुले बेताचीच. आलेलुया हा स्तुतीचा घोष मात्र चालू राहतो; ईस्टरपूर्व उपवासकाळात तोही थांबतो. १६ डिसेंबरपर्यंत भर ख्रिस्ताच्या पुनरागमनावर आणि ख्रिस्ताची वाट तयार करा असे सांगणाऱ्या, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या हाकेवर असतो. जन्माची कथा १७ तारखेपासून. पहिल्याच रविवारी गोठ्यात बाळ ठेवून नाताळगीते सुरू करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. गोठ्यातली बाळाची गव्हाण २४ च्या रात्रीपर्यंत रिकामीच हवी.

आगमनचक्राबद्दलही, म्हणजे चार मेणबत्त्या लावलेल्या हिरव्या पाल्याच्या गोल चक्राबद्दलही थोडे. तीन जांभळ्या मेणबत्त्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारी, आनंदाच्या रविवारी पेटवायची. वेगळी दिसते म्हणून पुष्कळ घरांत ती शेवटासाठी राखून ठेवतात, ते चूक. पहिली मेणबत्ती चारही आठवडे जळते, तेव्हा बारीक घेऊ नये. तिसऱ्या आठवड्यातच ती बुडाशी येते आणि ज्योत पाल्याला भिडते. आपल्याकडे चक्राला सुरूच्या फांद्या वापरल्या, तर डिसेंबरच्या कोरड्या हवेत त्या आठवड्याभरात वाळतात. दर शनिवारी पाला बदलावा, खाली पत्र्याची थाळी आणि वाळू ठेवावी, आणि प्रार्थना संपली की मेणबत्त्या विझवाव्यात.

– एक वाचक, वसई