केस हिरवे का झाले, हे सांगणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

आईच्या पांढऱ्याशुभ्र केसांवर हिरवट झाक दिसू लागली, तेव्हा श्रीवर्धनात ज्याला त्याला एकच उपाय सुचत होता: काळा रंग लावून टाका. पार्लर तुमचं, रंग लावणं हा तुमचा धंदा. तरी तुम्ही आधी विचारलंत, "काकू न्हातात कुठल्या पाण्यानं?" त्या प्रश्नासाठी हे पत्र.

आमच्याकडे तांब्याचा बंब आहे आणि पाणी विहिरीचं. जांभ्याच्या जमिनीतलं पाणी बऱ्याचदा किंचित आम्लधर्मी असतं. ते रात्रभर बंबात राहिलं की तांबं त्यात उतरतं आणि केसांतल्या प्रथिनांना चिकटून बसतं, हे तुम्ही आईला अगदी सोपं करून सांगितलंत. वाडीत सुपारीवर फवारणी चालू आहे का, तेही विचारलंत. कोळे रोगासाठी मारतात त्या बोर्डो मिश्रणातलं मोरचूद म्हणजे तांबंच. पोहण्याच्या तलावातही केस हिरवे होतात. लोक दोष देतात क्लोरीनला, पण रंग तांब्याचा. शेवाळ मारायला तिथेही कित्येकदा मोरचूदच घालतात.

आईनं मनाशी धरलं होतं की आपल्याला काहीतरी रोग जडलाय. देवळात जाणंही तिनं सोडलं होतं. तुम्ही म्हणालात, "त्याच पाण्यानं घरातले सगळे न्हातात, तांबं सगळ्यांच्याच केसांत असणार. काळ्यात दिसत नाही, एवढंच." ते ऐकून तिचा चेहरा किती मोकळा झाला, ते मी पाहिलंय.

उपायही जपून केलात. हायड्रोजन पेरॉक्साइडनं हा रंग जातो, पण काकूंचे विरळ, कोरडे केस तुटतील, म्हणून ते नको म्हणालात. धातू काढणारा, ईडीटीए असलेला शाम्पू मागवलात. ईडीटीए तांब्याला धरतं आणि पाण्याबरोबर बाहेर नेतं. आधी मागच्या एका बटेवर लावून पाहिलंत, मग सगळीकडे.

झाक हळूहळू गेली. आता आई डोक्यावरून न्हाते ते स्टीलच्या पातेल्यात तापवलेल्या पाण्यानं, तेही आधी खोबरेल चोपडून. बंबाचं पाणी अंगापुरतं, आणि रात्रीचं शिळं पाणी सकाळी काढून टाकतो.

तुम्ही पैसे घेतलेत ते फक्त शाम्पूचे. आईला ते अजून पटलेलं नाही, म्हणून रविवारी ती स्वतः येणार आहे. या वेळी तिला नाही म्हणू नका.

तुमची मनापासून आभारी,
काकूंची लेक