तुझं रक्त कडू वगैरे काही नाही

प्रिय बाप्या,

काल लाइट गेली म्हणून बऱ्याच दिवसांनी ओट्यावर येऊन बसलो, दांडिया बाजारात पाऊस संपता संपता मच्छर कसे असतात तुला माहितीये (तू पुण्याला जाऊन आता डास म्हणायला लागला असशील), वीस मिनिटांत घोट्याभोवती सात गांधी उठल्या आणि शेजारी भाचा एकदम निवांत. तू आठवलास बघ. लहानपणी पण हेच, मी फटाफटा पायावर मारतोय, तू शेंगदाणे खात बसलेला, आणि तुझी आजी म्हणायची ह्याचं रक्त गोड, आमच्या बाप्याचं कडू.

तर ते काही खरं नाही. रात्री खाजवत मोबाइलवर वाचत बसलो होतो. चावते फक्त मादी, अंड्यांसाठी तिला रक्तातलं प्रोटीन लागतं, आणि चव कळणार टोचल्यावर ना, कुणावर बसायचं ते तर त्याच्या आधीच ठरतं. लांबून ती श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढते, जवळ आली की अंगाची ऊब आणि कातडीचा वास. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीवाल्यांनी लोकांच्या हातांवर नायलॉनचे स्टॉकिंग चढवले, मग दोघादोघांचे तुकडे डेंग्यूवाल्या मच्छरांपुढे ठेवले, 2022 साली छापून आलंय. सगळ्यात लाडक्या माणसाचा तुकडा सगळ्यात नावडत्यापेक्षा शंभरेक पट आवडता! अशांच्या कातडीवर कार्बोक्झिलिक अ‍ॅसिडं (कातडीच्या तेलकटपणात असतात ती) जास्त सापडली, आणि काही वर्षांनी परत बघितलं तरी लाडके ते लाडकेच. म्हणजे मी साबण बदलत बसलो ते पैसे पाण्यात. ओ ग्रुपवाल्यांना जास्त चावतात म्हणतात, पण त्याचा पुरावा कच्चाच आहे, आणि माझा तर बी आहे. बिअर प्यायल्यावर जास्त येतात असं बुर्किना फासोत दिसलं होतं, गुजरातेत आपल्याला तो प्रश्नच नाही, निदान कागदावर तरी.

पण खरी गंमत पुढेच आहे. गांधी उठते ती मच्छराच्या लाळेमुळे, आपलं शरीर त्या लाळेवर चिडतं म्हणून, आणि काहींचं फारसं चिडतच नाही. म्हणजे तुलाही तेवढेच चावत असतील, फक्त तुला पत्ताच लागत नसेल! आपण इतकी वर्षं मच्छर मोजलेच नाहीत रे, माझ्या गांधी मोजल्या, आणि त्यावर तू ऐटीत फिरलास.

दिवाळीला ये. दोघं पाय उघडे टाकून ओट्यावर बसू, तुझ्यावर बसलेले मी मोजतो, माझ्यावरचे तू. हल्ली मी टेबल फॅन पायाशीच लावून बसतो, वाऱ्यात त्यांना धड उडता येत नाही, पण त्या दिवशी बंद ठेवू. आणि डेंग्यूचे दिवस आहेत बाबा, तेव्हा टोचायच्या आत मारायचे, मोजायचे नंतर.

तुझाच,
गोड रक्तवाला