सकाळी गाडी उचलत नाही, म्हणून लगेच इथेनॉल?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या सोमवारच्या अंकात एका वाचकाचं पत्र होतं. त्यांची जुनी कार्बोरेटरची (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) गाडी थंडीत सुरू होत नाही, आणि त्याचा सगळा दोष त्यांनी पेट्रोलमधल्या इथेनॉलवर टाकलाय. मी ऊसवाल्याच्या घरातला, तेव्हा कारखान्याची बाजू घेतोय असं कुणाला वाटेल. वाटू दे. पण हयात पान्यांत गेली, आणि डिसेंबरातलीच एक गोष्ट सांगण्यासारखी आहे.

साताऱ्यात एका डॉक्टरांकडे वडिलांच्या वेळची एमजीबी आहे. दोन सीटची, उघड्या टपाची, विलायती. मी ॲम्बॅसडरवाला म्हणून मला बोलावतात, आणि ते बरोबरच आहे. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीजची. ॲम्बॅसडरचं १४८९ सीसीचं, हिचं १७९८. तिला एसयू बनावटीचा एक कार्बोरेटर असायचा, हिला दोन आहेत. घोळ त्या दोनांतच होता.

सकाळी दहा मिनिटं सेल्फ मारायचा, मग गाडी दोन सिलिंडरवर भकभक करत उठायची, आणि तापली की शहाण्यासारखी चालायची. पुण्यातल्या एका गॅरेजनं कॉइल बदलली, प्लग बदलले आणि शेवटी ‘पेट्रोलच तसलं येतंय’ म्हणून हात झटकले. त्यांनी गाडी गार अशी पाहिलीच नव्हती. खंबाटकी घाट ओलांडून पुण्यात पोचेपर्यंत इंजिन तापलेलं, मग दिसणार काय?

मी डॉक्टरांना म्हटलं, रात्री बॉनेटला हात लावू नका, सकाळी साडेसहाला येतो.

आधी नुसती चावी फिरवली. सेल्फ नाही. मागं पेट्रोलच्या पंपाची टकटक ऐकत उभा राहिलो. भरभर वाजली, मंदावली, थांबली. म्हणजे कार्बोरेटरांच्या पेट्रोल साठवणाऱ्या, फ्लोटच्या वाट्या भरल्या आणि त्यांची वाट बंद करणारी निडल नीट बसली. टकटक थांबलीच नसती तर निडल गळतेय किंवा पंप हवा ओढतोय, असं समजायचं. आठ-आठ दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं. टकटक थांबेपर्यंत दम धरला तर निम्म्या तक्रारी तिथंच मिटतील, पण लोकांना घाई.

सीटमागं सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. सेल्फ मारताना मीटर दहा व्होल्टच्या खाली गेला नाही. ठिणगीच्या पॉइंटचा गॅप पंधरा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), डिस्ट्रिब्युटरची कॅप कोरडी. इथवर सगळं ठीक.

मग चोक पूर्ण ओढून चार-पाच सेकंद सेल्फ दिला, लगेच बंद केला आणि चारही प्लग काढून पेपरावर ओळीनं मांडले. (पेपर आपलाच होता, क्षमस्व.) पुढचे दोन पेट्रोलनं ओले, मागचे दोन ठणठणीत कोरडे. पुढचा कार्बोरेटर पुढच्या दोन सिलिंडरांना पाजतो, मागचा मागच्यांना. एसयूमध्ये चोकला हवा अडवणारी पाती नसते. चोक ओढला की पेट्रोल सोडणारा जेट खाली सरकतो, त्यातल्या निडलभोवतीची (ही वाटीतली नव्हे, वेगळी) फट मोठी होते आणि पेट्रोल जास्त येतं. डॉक्टरांना आत बसून चोक ओढायला लावला आणि मी खालून बघितलं. पुढचा जेट उतरला, मागचा जागचा हलेना. दोन्ही चोकना जोडणाऱ्या दांडीचा बोल्ट ढिला, दांडी नुसती फिरत होती. दोन मिनिटांचं काम. जाता जाता कार्बोरेटरच्या डोक्यावरच्या डॅशपॉटमध्ये तेल घातलं, ते तर पार आटलं होतं.

आता इथेनॉलचं. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, थेंब मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीला, चिकटून राहतात, म्हणून पेट्रोल जास्तीचं द्यावं लागतं. इथेनॉलला वाफ व्हायला आणखी ऊब लागते. शिवाय वजनानं पेट्रोलच्या एका भागाला हवा लागते १४.७ भाग, इथेनॉलला ९; म्हणजे तेवढ्याच हवेला इथेनॉल जास्त लागतं. त्याच जेटमधून वीस टक्के इथेनॉलचं मिश्रण दिलं की इंजिन थोडं उपाशीच राहतं. पूर्वीच्या पेट्रोलवर लंगडा चोकही खपून जायचा, आता खपत नाही. जुने रबरी पाइप फुगून मऊ पडतात, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. ते बदलावेतच. पंपावर मिश्रणाची टक्केवारी ठळक लिहावी, ही त्या वाचकांची मागणी मलाही मान्य.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हा धुराचा नियम आला आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींतूनही कार्बोरेटर गेला. आज गॅरेजात शिकणाऱ्या पोरानं तो उघडायचा कधी? बिघाड सांगणारा स्कॅनर लावायला जागा नाही म्हटल्यावर पोरगं गोंधळतं, त्याचा काय दोष.

पत्रलेखकांना विनंती, टाकी रिकामी करण्याआधी एका सकाळी गार इंजिनाचे चारही प्लग काढून ओळीनं मांडावेत. कोणते ओले, कोणते कोरडे ते याच सदरातून कळवावं. मी वाट बघतो.

आपला,
एक जुना मेकॅनिक
गोडोली, सातारा