आधी प्लग पाहिलेत, त्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या गॅरेजमधून गाडीची किल्ली घेऊन घाईघाईत निघालो. बोलायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

चेक इंजिनचा दिवा महिनाभर पिच्छा सोडत नव्हता. आधीच्या गॅरेजमध्ये स्कॅनरवर 'पी ०१७१' हा कोड आला, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी. त्यांनी इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारे भाग, साफ करून दिले. दोन दिवसांत दिवा पुन्हा लागला, ॲव्हरेज घसरतच राहिलं.

तुम्ही स्कॅनर बाजूला ठेवून स्पार्क प्लग काढलेत. काजळीने काळे! "स्कॅनर म्हणतो पेट्रोल कमी, प्लग म्हणतात जास्त. एक जण खोटं बोलतोय," असं म्हणालात, तेव्हाच मला हायसं वाटलं.

तरी लगेच ऑक्सिजन सेन्सरवर, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजून मिश्रण कसं आहे ते सांगणाऱ्या भागावर, खापर फोडलं नाहीत, हे मला फार मोठं वाटतं. थंड इंजिन सुरू करून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या, जोडापाशी कान दिलात. तिथे फट असली तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि चांगला सेन्सरही फसतो, हे मला तेव्हा कळलं. फट नव्हती. वायरिंग ठीक, सेन्सरमधल्या हीटरला करंट येत होता. मग इंजिन तापल्यावर सेन्सरच्या वायरीला मीटर लावून इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाते तिथे, पेट्रोलसारखाच जळणारा कार्ब क्लीनर किंचित फवारलात. आकडा ०.९ व्होल्टकडे, म्हणजे 'जास्त'कडे, उसळायला हवा होता, तो ०.१ लाच चिकटून बसला. म्हणजे सेन्सर सतत 'कमी' सांगत होता, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्याचं ऐकून पेट्रोल वाढवत होता. असंच चाललं असतं तर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही गेला असता.

जुना सेन्सर गंजून जाम झाला होता. घाई केली असती तर आटेच खराब झाले असते. तेल सोडून थांबलात, पुन्हा सोडलंत, मगच २२ नंबरचा पाना लावलात. नव्याच्या आट्यांना पेस्ट लावताना टोकाला थेंबही लागू दिला नाहीत.

आणि शेवटी मला हाक मारून मीटर दाखवलात. आकडा ०.१ ते ०.९ असा झरझर खालीवर होत होता. "आता हा श्वास घेतोय," म्हणालात. माझ्या गाडीत काय चाललंय हे मला दाखवणारे तुम्ही पहिलेच. मनापासून आभार.

आठवड्याने प्लग पुन्हा पाहू म्हणाला होतात. शनिवारी येतो. या खेपेला घाई नाही.