राइनच्या दोन काठांवरची पत्रकारिता

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

फ्रेंच आणि जर्मन येतात, तर जर्मन-फ्रेंच पत्रकारितेची जोडपदवी घ्यावी का, या तुझ्या पुतणीच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, मग तपशील. फ्रेंच आणि जर्मन दोन्ही येतात म्हणून ही पदवी घेऊ नये. बातमीदारी करायची असेल तरच घ्यावी. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात परकीय भाषा आणि पत्रकारिता शेजारी-शेजारी शिकवतात, त्यामुळे दोन्हींची बेरीज केली की काम झालं, असं पोरांना वाटतं. तसं नसतं.

एकच अभ्यासक्रम डोळ्यांपुढे ठेवून लिहितो. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाचं फ्रान्स-केंद्र आणि राइनपलीकडच्या, फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गची पत्रकारिता संस्था मिळून एक पदव्युत्तर पदवी चालवतात. पाठीशी सारब्र्युकनचं जर्मन-फ्रेंच विद्यापीठ आहे. ते नावापुरतं विद्यापीठ. स्वतः वर्ग घेत नाही, दोन देशांतल्या संस्थांच्या जोडपदव्यांना मान्यता आणि पैसा देतं. तेव्हा अर्ज तिकडे धाडू नका.

भाषेचं म्हणशील तर कागदावर काहीही अट असो, दोन्हींत सी-वन, म्हणजे भाषेची प्रगत पातळी, असल्याशिवाय निभाव लागणं कठीण. त्याखालच्या बी-टूवाल्याला व्याख्यान कळतं, पण फ्रायबुर्गभोवतालच्या बाडेन भागातल्या खेड्यातला शेतकरी फोनवर आलेमानिश बोलीत बोलायला लागला की तो गडबडतो. मुलाखत टिपून तासाभरात मजकूर द्यायचा असतो. (कीबोर्डसुद्धा छळतो: फ्रेंचवर अंकांसाठी शिफ्ट दाबा, जर्मनवर वाय आणि झेड उलटे.)

खरं शिक्षण सुरू होतं ते एकच बातमी दोन वाचकांसाठी लिहिताना. फेसेनहाइमचं अणुवीज केंद्र घे. राइनच्या फ्रेंच बाजूला, फ्रायबुर्गहून साधारण पंचवीस किलोमीटरवर. १९७७ साली सुरू झालं, दोन अणुभट्ट्या, प्रत्येकी ९०० मेगावॉटची. पहिली फेब्रुवारी २०२० मध्ये बंद झाली, दुसरी जूनअखेरीस. फ्रेंच काठावरच्या अल्सासमधल्या वाचकाचा पहिला प्रश्न रोजगाराचा आणि गावाच्या बुडणाऱ्या कराचा; बाडेनच्या वाचकाचा, भूकंपाच्या पट्ट्यात इतकी जुनी भट्टी इतकी वर्षं का चालू ठेवली, हा. जर्मन मजकुराचा फ्रेंच अनुवाद करून दिला तर पहिला परिच्छेदच चुकतो. नोकऱ्यांचा आकडा फ्रेंच मजकुरात पहिल्या दोन वाक्यांत लागतो, जर्मनमध्ये तो खाली गेला तरी चालतो. म्हणून बाहेर पडतानाच कोणाला काय विचारायचं याच्या दोन याद्या कराव्यात. परतल्यावर मजकूर वळवता येतो, न विचारलेला प्रश्न वळवता येत नाही.

न्यायालयाची बातमी त्याहून अवघड. जर्मन वृत्तपत्रं आरोपीचं आडनाव सहसा आद्याक्षरावर आणतात, फ्रेंच वृत्तपत्रं बरेचदा पूर्ण नाव छापतात. जर्मन प्रेस कौन्सिलच्या संहितेतलं कलम १२.१ सांगतं की संशयिताचं मूळ किंवा धर्म सबळ सार्वजनिक हित असेल तरच लिहावा. फ्रान्समध्ये, दोषी न ठरलेल्या माणसाचा ओळखू येईल असा बेड्यांतला फोटो त्याच्या संमतीशिवाय छापणं २००० सालापासून गुन्हा आहे. बदनामीचा खटला तिथे १८८१ च्या कायद्याखाली चालतो: फिर्यादीला मुदत तीनच महिन्यांची, पण समन्स हातात पडल्यावर आपण लिहिलेलं खरं आहे हे सिद्ध करायचे पुरावे बातमीदाराला दहा दिवसांत सादर करावे लागतात. म्हणजे वही आणि ध्वनिमुद्रण पहिल्या दिवसापासून लावून ठेवायचं. नंतर शोधू म्हणणारा तिथे बुडतो.

भाषेतही एक खड्डा आहे. न पडताळलेल्या माहितीसाठी फ्रेंच बातमी कंडिशनल, म्हणजे 'असं असावं' सुचवणारं क्रियापदाचं रूप, वापरते आणि स्रोत न सांगता पुढे जाते. जर्मनमधलं कोंयुंक्टिव्ह हे क्रियापदाचं रूप, 'हे कोणाचं तरी म्हणणं आहे' एवढंच दाखवतं. ते कोणाचं, हे वाक्यात यावंच लागतं. त्यामुळे फ्रेंच वृत्तसंस्थेची ओळ जर्मनमध्ये घेताना बरेचदा फोन उचलून स्रोत शोधावा लागतो. न शोधता तसंच रूप ठेवलं तर उपसंपादक परत पाठवतो, आणि बरोबर करतो.

आता कागदपत्रं. जर्मन व्हिसासाठी भारतीय विद्यार्थ्याला नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं, ते आधी काढा. खर्चाची सोय दाखवायला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो. बाडेन-व्युर्टेमबर्ग युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं आणि फ्रान्सनेही २०१९ पासून अशा विद्यार्थ्यांचं शुल्क वाढवलं आहे. जोडपदवीच्या करारात सूट आहे का, हे दोन्हीकडून लेखी मागून घ्यावं. एका देशाचा विद्यार्थी-परवाना आणि संस्थांमधला करार असेल तर दुसऱ्या देशात ३६० दिवसांपर्यंत नव्या व्हिसाशिवाय शिकता येतं. मात्र आधी कळवावं लागतं, आणि पहिला परवाना त्या संपूर्ण काळात वैध हवा. फसतं ते इथेच: तो मध्येच संपतो आणि नूतनीकरणासाठी पुन्हा राइन ओलांडावी लागते.

इंटर्नशिपसाठी फ्रेंच संस्थेला विद्यार्थी, विद्यापीठ आणि स्वतः अशा तिघांमधला, सह्या झालेला करार लागतो, तोही पहिल्या दिवसाआधी. विद्यापीठाच्या सहीला वेळ लागतो. जर्मनीत अभ्यासक्रमाने सक्तीच्या केलेल्या इंटर्नशिपला किमान वेतन लागू नसतं, म्हणून पैशांचा हिशेब त्याशिवायच मांडावा.

नोकरीचं चित्र दोन्हीकडे वेगळं. फ्रान्समध्ये पत्रकाराचं कार्ड मिळतं ते उत्पन्नाचा मोठा भाग पत्रकारितेतून येत असेल तर. जर्मनीत कोणीही स्वतःला पत्रकार म्हणवू शकतो, पण वृत्तपत्रात कायम व्हायचा नेहमीचा रस्ता फोलोंटारिआटचा, म्हणजे दीड-दोन वर्षांची उमेदवारी. पदवी असली तरी बरेच संपादक तीच मागतात. स्ट्रासबुर्गमध्ये आर्टे या फ्रेंच-जर्मन दूरचित्रवाहिनीचं मुख्यालय आहे म्हणून सगळे तिकडे डोळे लावून बसतात. माझं मत विचारशील तर आधी एखाद्या प्रादेशिक दैनिकात घासून घ्यावं.

तिला एक काम सांग. एकाच घटनेवरची फ्रायबुर्गच्या 'बाडिशे त्साइटुंग' आणि स्ट्रासबुर्गच्या 'देर्निएर नुव्हेल दालझास' या दैनिकांतली बातमी आठवडाभर रोज वाचायची, मग एका विषयावर प्रत्येक भाषेत दोन हजार अक्षरांचा मजकूर लिहायचा, अनुवाद न करता. ते दोन्ही मजकूर मला पाठव, मी लाल शाई लावून परत पाठवतो. एपीएसला मात्र त्यासाठी थांबू नका.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास