खाडाखोड तशीच ठेवली आहे

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "काम कसं चाललंय?" आणि मी सवयीनं "मस्त" म्हणाले. ते खरं नव्हतं, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी माझी बढती हुकली तेव्हा जागाच निघाली नाही, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. जागा निघाली होती. माझ्याकडचा एक अहवाल पाच आठवडे अडून होता आणि मी कुणाला कळू दिलं नाही. कुणी विचारलं की "होत आलंय" म्हणायचे. शेवटच्या दिवशी सगळं उघडं पडलं. मॅडम चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं असतंस, तर दोघींनी मिळून सोडवलं असतं." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

आई, शाळेत असताना मी चुकलेलं पान वहीतून फाडून टाकायचे, आठवतं? शिलाईच्या वहीचं एक पान फाडलं की त्याचं जोडपान सुटं व्हायचं आणि तू बरोबर ओळखायचीस. आजही मी तेच करत होते. तुम्ही कधी चुकीवरून बोललात, असं मुळीच नाही. पण पुरं झालेलं काम पाहून बाबांचा चेहरा खुलायचा, तो मला इतका हवा असायचा की अर्धवट काही दाखवायला जीव धजायचा नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला आळशी समजत होते. आता कळतं, मी कामाला नव्हे, अपुरं दिसण्याला भीत होते. लपवलं की त्या क्षणी जिवाला हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यानंच सवय मुरत जाते.

आता रोज दुपारी चार वाजता, जेवढं झालं असेल तेवढं, शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंना दाखवते. वेळ ठरलेली, माणूस ठरलेलं. दाखवू की नको हा प्रश्नच उरत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस, कुणाला १८ तर कुणाला २५४, असा हिशेब निघाला. मला धीर आला तो त्यातल्या दुसऱ्याच गोष्टीनं: एखादा दिवस चुकला म्हणून केलेलं वाया जात नाही. माझे दोन दिवस चुकले. पूर्वी तेवढ्यावर मी सगळंच सोडून दिलं असतं.

आज त्र्याहत्तरावा दिवस. चार वाजले की अजून छातीत धडधडतं, तरी मी उठते.

हे पत्र पुन्हा नीट उतरवून काढावं, असं आत्ताही वाटतंय. पण खाडाखोड तशीच ठेवली आहे. बाबा, रविवारी फोन कराल तेव्हा तोच प्रश्न परत विचारा.

तुमची
लेक