दोन वर्षांच्या पदवीचा हिशेब: मित्रास पत्र

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तुझी नात इथल्या कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजात) लिबरल आर्ट्सची, म्हणजे भाषा, इतिहास, विज्ञान अशा सामान्य विषयांची, असोसिएट डिग्री ही दोन वर्षांची पदवी घ्यायची म्हणते आणि तुझ्या मुलाने त्याला होकारही दिला आहे, हे कळल्यापासून तुझ्या जिवाला घोर लागला आहे. ‘दोन वर्षे आर्ट्स करून हातात पैसे किती पडणार?’ असे तू रोखठोक विचारलेस, तेव्हा मीही पैशांपुरतेच बोलतो. या पदवीला नोकरीच्या बाजारात स्वतःची अशी किंमत फारशी नाही. तिचा खरा फायदा पुढच्या बॅचलर्सच्या, म्हणजे चार वर्षांच्या पदवीच्या, खर्चात होणाऱ्या बचतीत आहे, आणि ही बचत पदरात पडणे न पडणे सर्वस्वी क्रेडिट, म्हणजे पुऱ्या केलेल्या विषयांचे मोजमाप, पुढच्या विद्यापीठात मान्य होण्यावर अवलंबून आहे.

आधी कमाई पाहू. अमेरिकी सरकारच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार २५ वर्षांवरील पूर्णवेळ नोकरदारांमध्ये फक्त हायस्कूल झालेल्यांची मध्यक कमाई (निम्म्यांना जास्त आणि निम्म्यांना कमी मिळते असा मधला आकडा) आठवड्याला ८९९ डॉलर, असोसिएट डिग्री असलेल्यांची १,०५८ डॉलर आणि बॅचलर्स झालेल्यांची १,४९३ डॉलर होती. म्हणजे दोन वर्षांच्या शिक्षणाने वर्षाला सव्वाआठ हजार डॉलरची भर पडते असे दिसते, आणि कम्युनिटी कॉलेजांच्या माहितीपत्रकांत हाच आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. मला तो पुरता पटत नाही, कारण त्या १,०५८ मध्ये सगळ्याच शाखा एकत्र मिसळलेल्या आहेत. डेंटल हायजीनिस्ट होण्यासाठीही असोसिएट डिग्रीच लागते, आणि त्या व्यवसायाची मध्यक वार्षिक कमाई २०२३ मध्ये ८७ हजार डॉलरच्या वर, म्हणजे बॅचलर्सवाल्यांच्या सर्वसाधारण कमाईपेक्षाही जास्त होती. नर्सिंगच्या असोसिएट डिग्रीवर परीक्षा देऊन परवानाधारक नर्सही होता येते. लिबरल आर्ट्सच्या पदवीमागे असा कोणताही परवाना किंवा ठरलेला व्यवसाय नाही. सगळ्या असोसिएट पदव्यांत तीच सर्वाधिक दिली जात असली, तरी तिच्या बळावर मिळते ती बहुधा कारकुनी, दुकानातली किंवा ग्राहकसेवेची नोकरी, आणि तिथे हायस्कूलवालाही चालतो. ही पदवी घेऊन नातीने थांबायचे ठरवले असेल, तर तुझी काळजी रास्त आहे.

पण ती थांबणार नाही असे तूच लिहिले आहेस. तिला मानसशास्त्रात बॅचलर्स करायचे आहे. तसे असेल तर सगळा हिशेब बदलतो. २०२४-२५ मध्ये सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजची देशभरातली सरासरी जाहीर फी वर्षाला ४,०५० डॉलर होती, तर राज्यातल्याच विद्यार्थ्यांसाठी चार वर्षांच्या सार्वजनिक विद्यापीठाची ११,६१० डॉलर. पहिल्या दोन वर्षांत पंधरा हजार डॉलर इथेच वाचतात. घरी राहून शिकली तर राहण्याजेवणाचे वर्षाला साधारण तेरा हजार डॉलर वाचतात ते वेगळेच. (न्यू जर्सीत वर्षाला ६५ हजार डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना कम्युनिटी कॉलेजची फी राज्य सरकारच्या अनुदानातून माफ होते, पण तुझ्या मुलाचा पगार त्या मर्यादेत बसणार नाही.) शिवाय या पदवीच्या ६० क्रेडिटपैकी ४५ लेखन, गणित, प्रयोगशाळेतले विज्ञान, इतिहास, समाजशास्त्र अशा सामान्य शिक्षणाच्या विषयांची असतात, आणि विद्यापीठातही पहिल्या दोन वर्षांत बहुतांशी हेच विषय तिप्पट पैसे मोजून घ्यावे लागतात. मी इथे बरीच वर्षे गणित शिकवले आहे; संख्याशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम दोन्हीकडे जवळपास सारखाच असतो, आणि कम्युनिटी कॉलेजातला वर्ग मात्र लहान असतो.

आता धोका कुठे आहे ते सांगतो. सरकारी लेखापरीक्षण संस्थेने २०१७ मध्ये असे मांडले की कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट नव्या ठिकाणी मान्य होत नाहीत. त्यात सर्व प्रकारचे कॉलेजबदल धरलेले आहेत आणि सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजातून सार्वजनिक विद्यापीठात जाताना तोटा पुष्कळच कमी होतो, हे खरे; तरी त्यापायी एक वर्ष जास्त शिकावे लागले तर काय होते ते पाहा. बॅचलर्सवाल्याची मध्यक कमाई वर्षाला साधारण ७७ हजार डॉलर होते. नव्या पदवीधराला त्याच्या निम्मीच मिळेल असे धरले, तरी त्या एका वर्षाची बुडालेली कमाई फीमधल्या पंधरा हजारांच्या बचतीच्या दुपटीहून अधिक भरते. कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाच्या आसपासच विद्यार्थी पुढे विद्यापीठात जातात, आणि सहा वर्षांत बॅचलर्स पुरे करणारे शंभरात सोळाच्या आसपास भरतात. हे वाचून लगेच हात टेकू नकोस, कारण यांतले कितीतरी जण नोकरी आणि मुलेबाळे सांभाळून अर्धवेळ शिकत असतात आणि तुझ्या नातीची परिस्थिती तशी नाही.

या बाबतीत न्यू जर्सीत राहणे तिच्या पथ्यावर पडणार आहे. राज्याच्या कायद्यामुळे २००८ पासून इथल्या कम्युनिटी कॉलेजची ‘ए.ए.’ किंवा ‘ए.एस.’ (असोसिएट इन आर्ट्स किंवा सायन्स) पदवी पूर्ण करणाऱ्याची क्रेडिट राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांना एकगठ्ठा मान्य करावी लागतात. पदवी अर्ध्यावर सोडून गेले की हे संरक्षण संपते आणि एकेक विषय तपासला जातो, म्हणून एका सत्राने लवकर जाता येते या मोहात तिने पडू नये. कायदा क्रेडिटची हमी देतो, प्रवेशाची नाही. प्रवेश गुणांवरच मिळतो. आणि साठ क्रेडिट मान्य झाली, तरी ती मुख्य विषयाच्या अटींमध्ये न बसता नुसती ऐच्छिक म्हणून मोजली गेली, तर विद्यापीठातले उरलेले दोन वर्षांचे काम अडीच-तीन वर्षांवर जाऊ शकते. इंजिनिअरिंगकडे वळणाऱ्याला लिबरल आर्ट्सच्या वाटेने हाच फटका बसतो; मानसशास्त्र, इतिहास, इंग्रजी या विषयांना ती वाट बरीच सरळ जाते.

तुझ्या शेजाऱ्यांनी आपल्या मुलाला भारतातून थेट अशा कॉलेजात पाठवण्याबद्दल विचारले आहे. परदेशी विद्यार्थ्याला फी जास्त पडते, अमेरिकेत नोकरी करण्यासाठीच्या एच-१बी व्हिसाला साधारणपणे बॅचलर्सच लागते आणि भारतात परतल्यावर ही दोन वर्षांची पदवी पदवीधर म्हणून धरली जात नाही. बॅचलर्सपर्यंतच्या सगळ्या पैशांची सोय झालेली नसेल तर त्यांनी या भानगडीत पडू नये.

नातीला म्हणावे, प्रवेश घेण्याआधीच पुढची दोन-तीन विद्यापीठे निवड. कम्युनिटी कॉलेजचा कोणता विषय कुठे कशाच्या बदली धरला जातो हे ‘एनजे ट्रान्सफर’ या राज्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. यादी तयार झाली की तिने एखाद्या शनिवारी आमच्याकडे यावे. चारही सत्रांचे विषय आम्ही दोघे मिळून लावून ठेवू, आणि कुठे काय अडते ते मी तुला कळवीन.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
जुना वर्गमित्र